आपलं गाणं झालं की लोक उठून का जातात? इंदूरमधले ओपन माइक

पलासिया_वरचा_मजला

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, परवाच्या शनिवारनंतर मात्र राहवलं नाही. आम्ही तिघं मित्र पलासियाच्या बाजूला एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गाण्याचा ओपन माइक करतो, म्हणजे नाव देईल त्याने येऊन गावं, दोन वर्षं होत आली आता. परवा १४ नावं आली होती, पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा मी मोजली तर खोलीत ४३ माणसं, खुर्च्या कमी पडल्या म्हणून जिन्याच्या पायऱ्यांवरही बसलेले. शेवटचं नाव होतं एका मुलीचं, भंवरकुआँला राहून परीक्षेची तयारी करते, आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहत होती. ती उभी राहिली तेव्हा समोर ९ जण. त्यात आम्ही तिघं, काउंटरवरचा मुलगा आणि तिच्याच दोन रूममेट. ही मुलगी साडेसातपासून एका जागी बसून प्रत्येकाला टाळ्या देत होती हो, आणि तिची पाळी आली तेव्हा ज्यांना तिने टाळ्या दिल्या ते सगळे खाली पार्किंगमध्ये गप्पा मारत उभे, वरपर्यंत आवाज येत होता त्यांचा.

ती छान गायली. पण शेवटचं कडवं सोडून दिलं तिने, मला दिसलं ते.

जे गेले त्यांच्यावर राग काढायला लिहीत नाहीये, त्यातले निम्मे माझे जिवाचे दोस्त आहेत. पण गाणारे १४ आणि ऐकणारा कोणी नाही असं असेल तर आपण हे नेमकं काय चालवतोय तेच कळेनासं झालंय. सध्या आमची पद्धत अशी, की व्हॉट्सअॅपवर फॉर्म टाकतो, आधी नाव देईल तो आधी गाणार, प्रत्येकाला ८ मिनिटं म्हणजे दोन गाणी, १०० रुपये घेतो आणि ते खाण्यात वळते होतात. एक गिटार, एक कहॉन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) आणि माझ्या आजीची पेटी कायम तिथे ठेवलेली असते. कोणी इंदूरमध्ये किंवा दुसरीकडे असं काही चालवत असेल, नेमाने जात असेल, तर सांगा की ऐकणारा माणूस शेवटपर्यंत थांबावा म्हणून तुम्ही काय करता.

काळी_चार

दादा, त्या दिवशी गेलेल्यांपैकी मी एक आहे. माझं नाव तिसरं होतं. वाचून खूप वाईट वाटलं म्हणून खरं खरं लिहिते.

एक कारण साधं आहे, मी राजेंद्रनगरला राहते, बाबा स्कूटर घेऊन खाली थांबलेले असतात आणि नऊ वाजले की त्यांचा फोन येतो. वर या म्हटलं तर म्हणतात तुमच्या वयाच्या मुलांत मी काय बसू. पण दुसरं कारण जास्त खरं आहे. गायच्या आधी मला काहीही ऐकू येत नाही, म्हणजे समोरचा गात असतो पण माझ्या डोक्यात माझाच मुखडा चालू असतो, सूर पकडता येईल का, पेटीवाला बरोबर पट्टी, म्हणजे माझा सा, धरेल का, हेच. आणि गाऊन झालं की अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं होतं, हात थरथरतात, बाहेर मोकळ्या हवेत जाऊन कोणाशी तरी बोलावंसं वाटतं. मग बाहेर गेलं की आत येणं होत नाही, कारण दार उघडून मध्येच आत शिरायची लाज वाटते. म्हणजे मी दोन वर्षांत सहा वेळा गायले असेन तर दुसऱ्या कोणाचं एक गाणं धड ऐकलेलं नाही. आत्ता लिहिताना हे पहिल्यांदा लक्षात आलं.

तबला_काका_लोकमान्यनगर

काळी चार, बाळा, तू प्रामाणिकपणे लिहिलंस, छान केलंस. हे सगळ्यांचंच होतं, मी चाळीस वर्षं साथ करतोय, मोठमोठे गाणारेही पहिल्याच्या वेळेला डोळे मिटून स्वतःचीच तान घोकत बसलेले बघितलेत.

पलासियावाल्यांना माझं सांगणं वेगळं आहे. मी तुमच्याकडे दोनदा आलो साथीला. लोक गाण्यामुळे उठत नाहीत, दोन गाण्यांमधल्या मोकळ्या वेळामुळे उठतात. फॉर्म ज्या क्रमाने भरला त्या क्रमाने नावं लावली की काय होतं बघा. पहिला मुलगा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गातो, त्याच्यानंतर मुलगी काळी पाचमध्ये, मग कोणी पांढरी दोन, मग परत काळी एक. मी हातोडी घेऊन प्रत्येक वेळी गट्टे ठोकत बसतो, सगळी घरं एका सुरात यायला तीन-चार मिनिटं जातातच, तबला काही बटण फिरवून पट्टी बदलत नाही. एका दायाँचा, म्हणजे उजव्या तबल्याचा, आवाका दोन-तीन सुरांचा, त्याच्या पुढे ताणला तर पुडी, वरचं कातडं, जाते. तेवढ्या वेळात लोक फोन काढतात, फोन काढला की माणूस गेला.

म्हणून नावं पट्टीप्रमाणे लावा. काळी एकचा तबला काळी एकवाल्या पुरुषांना षड्जात लागतो आणि तोच काळी चार गाणाऱ्या मुलींना मध्यमात चालतो, हात लावायची गरज नाही. तो सगळा गट एका मागोमाग घ्या. मग एकदाच पाच मिनिटं घेऊन दोन सूर चढवतो काळी दोनला, की काळी पाचवाल्या मुलींनाही मध्यमात मिळाला. माझं ठोकणं चहाच्या सुटीत होऊन जाईल, कोणाला कळणारही नाही. फॉर्ममध्ये फक्त एक रकाना वाढवा, तुमची पट्टी कोणती. ज्याला माहीत नसेल त्याला आधी अर्धा तास बोलवा, मी पेटीवर काढून देईन.

केबल_गुंडाळणारा

काकांशी सहमत, १००%. मी साउंडचं काम करतो, लग्नं, गणपती, कॉर्पोरेट सगळं, आणि मीही तुमच्याकडे आलोय एकदा, ऐकायला. भिया वाईट वाटून घेऊ नका पण तुमच्या खोलीत थांबवत नाही त्याचं अर्धं कारण आवाज आहे.

खाली टाइल्स, एका बाजूला पूर्ण काच, वर स्लॅब. गाणं स्पीकरमधून एकदा येतं आणि भिंतींवरून चार वेळा येतं, शब्द कळतच नाहीत, मग तुम्ही आवाज वाढवता, मग शिट्टी वाजते, मग गाणारा घाबरून माइकपासून लांब जातो, मग तुम्ही अजून वाढवता. हे चक्र मी तुमच्याकडे चार गाण्यांत चार वेळा बघितलं. याला पैसे लागत नाहीत. मंडळातून दोन मोठ्या सतरंज्या आणा आणि काचेवर जाड पडदा सोडा, अर्धी लढाई तिथेच जिंकली.

मग माइक. तुमच्याकडे तो नेहमीचा शुअरचा एसएम ५८ आहे, १९६६ पासून जगभर हाच चालतोय आणि तुमच्या कामाला उत्तम आहे. पण तो समोरून ऐकतो आणि बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून गाणाऱ्याचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, माइकच्या शेपटीच्या सरळ रेषेत पाहिजे, तुम्ही तो बाजूला ठेवलाय, तो शिट्टी मारणारच. मोठे स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, त्याच्या पाठीमागे नाही. आणि मुलं रॅपवाल्यांचं बघून माइकच्या जाळीला मूठ आवळतात ना, त्यांना प्रेमाने सांगा, जाळी झाकली की तो माइक सगळीकडूनच ऐकायला लागतो, फीडबॅक, म्हणजे ती शिट्टी, तिथूनच येतो. दांड्याला धरा, तोंडापासून दोन-तीन बोटांवर ठेवा, खर्जात उतरताना जवळ या, वर चढताना थोडं मागे.

गिटार थेट मिक्सरला लावता ती डीआय बॉक्समधून घ्या, गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी छोटी डबी असते ती. आत्ता ती डब्यात खडे हलवल्यासारखी वाजते, बिचारा वाजवणारा कितीही चांगला असला तरी. आणि केबल काढता-घालताना चॅनल म्यूट करा हो! तो जो धाडकन आवाज येतो त्याला दचकून एक मावशी उठून गेल्या त्या परत आल्याच नाहीत, मी बघितलं.

ऐकायला_येणारी

त्या मावशी मीच असेन बहुतेक. साउंडवाल्या दादांनी बघितलं हे वाचून बरं वाटलं, मला वाटलं होतं कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

मी गात नाही. माझ्या माहेरी रामबागेत गाणं होतं, आई पेटी वाजवायची, दर कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध आणि पहाटेपर्यंत गाणी. मला फक्त ऐकता येतं, आणि ते मी मन लावून करते. तुमच्याकडे मी आणि हे पाच वेळा आलो. पाचही वेळा दारात विचारलं गेलं, काकू, तुम्ही काय गाणार? नाही म्हटलं की त्या मुलाच्या चेहऱ्यावर, काय सांगू, मग कशाला आलात असा भाव. त्याचा दोष नाही, त्याच्या हातात गाणाऱ्यांचीच यादी होती, आमचं नाव लिहायला त्याच्याकडे कागदच नव्हता. बसायला जागा कुठे तर सगळ्यात मागे, कॉफीच्या मशीनजवळ, कारण पुढच्या खुर्च्या गिटारच्या पिशव्यांनी अडवलेल्या. कोणी मंद सुरुवात केली, आलाप लावला, की नेमकं ते मशीन फुसफुसतं.

तरी एक गोष्ट सांगते, तुमच्याकडे एकदा एका मुलाने मराठी भावगीत म्हटलं, समोर बहुतेक हिंदी बोलणारी मुलं, आणि त्याने आधी दोनच वाक्यांत अर्थ सांगितला, की यातली बाई कोणाची वाट बघतेय. सगळी खोली गप्प झाली होती. ते मी अजून विसरलेले नाही. घरी जाताना आम्ही सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात गेलो, भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि पूर्ण वेळ त्या मुलाबद्दलच बोलत होतो. त्याला हे कोणी सांगितलं का? मला सांगायचं होतं पण तो आपलं गाणं झाल्यावर निघून गेला होता.

पलासिया_वरचा_मजला

काकू, तुमची पोस्ट तीनदा वाचली. माफी मागतो. ऐकणाऱ्यांच्या नावाचा कागद नसतो हे खरंय, दोन वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही. त्या मुलाला हा धागा पाठवलाय.

किशोर_विजयनगर

मी थोडं वेगळं मांडतो, कोणाला दुखवायचं नाहीये.

कॅफे म्हणजे देवघर नाही. लोक दिवसभर नोकरी करून येतात, मित्रांसोबत कॉफी घेतात, मागे गाणं चालू असतं, काय बिघडलं? सगळं शिस्तीत बसवलं तर नवा माणूस येणारच नाही. मी बँकेत आहे, कराओके ट्रॅकवर किशोरदा गातो, शास्त्रीय काही शिकलेलो नाही. किशोरदा खंडव्याचे, शिकले आपल्या इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात, या शहरात दर दुसरा माणूस त्यांचीच गाणी गातो आणि त्यात कमीपणा काय आहे. पण माझ्या अनुभवात दोन ठिकाणी मला सांगितलं गेलं की ट्रॅकवाले नकोत, फक्त लाइव्ह आणि शक्यतो स्वतःची रचना. त्या रात्री मी घरी येऊन बायकोला काहीच सांगितलं नाही, झोपून गेलो. माझ्या घरी पेटी नाही, साथीला माणूस नाही, ट्रॅक हाच माझा वाद्यवृंद आहे. थांबण्याचं म्हणाल तर ज्याला ओपन माइकवर पाहुणा म्हणून वागवतात तो थांबत नाही, ज्याला घरचा वाटतो तो थांबतो.

परदेशी_इंदूरकर

किशोर, तुमचं म्हणणं पटलं आणि तरीही शांततेबद्दल एक सांगतो. मी सुदामानगरचा, आता अमेरिकेत आहे. नॅशव्हिलला ब्लूबर्ड कॅफे म्हणून एक जागा आहे, १९८२ साली सुरू झालेली, बाहेरून बघाल तर एका साध्या दुकानांच्या रांगेतलं दुकान, आत जेमतेम ९० माणसं बसतात. सोमवारी तिथे ओपन माइक असतो आणि तिथे स्वतः लिहिलेलीच गाणी म्हणायची. खायला प्यायला मिळतं, कॅफेच आहे तो, पण गाणं चालू असताना कोणी बोललं की श्श करतात, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही कारण ती त्या जागेची ओळखच झालीय. मी गेलो तेव्हा माझ्या टेबलावरचा माणूस काटा-चमचा खाली ठेवून ऐकत होता.

न्यूयॉर्कला ग्रीनिच व्हिलेजमध्ये गर्डीज फोक सिटी होतं, तिथे सोमवारी असंच कोणीही येऊन गावं असं असे, त्याला हूटनॅनी म्हणत. बॉब डिलनने १९६१ साली तिथेच आपली सुरुवातीची हजेरी लावली. सोमवार का, तर धंदा मंदा असतो, मालकाची जागा रिकामीच असते. तुम्ही शनिवार घेतलाय, कॅफेची सगळ्यात गर्दीची रात्र, म्हणजे खालचं गिऱ्हाईकही वर येणार आणि त्यांना गाण्याशी काही घेणं नाही. मंगळवार-बुधवार करून बघा, जे येतील ते गाण्यासाठीच येतील.

रचना मात्र स्वतःचीच हवी हा नियम आपल्याकडे लावू नका असं मलाही वाटतं. आपल्याकडे एकच बंदिश शंभर जण शंभर तऱ्हेने गातात आणि त्यातच मजा आहे.

देवासची_सून

माहेर इंदूर, सासर देवास. इथे मी जे बघितलं ते लिहायलाच हवं असं वाटलं.

आमच्या माळव्यात खेड्याखेड्यात कबीराची भजनं म्हणणाऱ्या मंडळ्या आहेत, तंबूरा, करताल, ढोलक, मंजिरे, आणि बैठक बसली की रात्रभर. १९९० च्या दशकात देवासला एकलव्य संस्थेने कबीर भजन एवं विचार मंच चालवला होता, दर महिन्याला वेगवेगळ्या गावांच्या मंडळ्या यायच्या, गायच्या आणि मग त्या भजनावर बोलायच्या. सासरे जायचे त्यांच्या गावच्या मंडळीबरोबर. ते सांगतात की कोणी उठून जात नसे, आणि मी विचारलं का, तर म्हणाले जाणार कसे, पुढचा गातो तेव्हा झेलायला आपणच लागतो ना. म्हणजे मुख्य गाणारा ओळ टाकतो आणि बाकी सगळे ती उचलतात, मंजिरे त्यांच्याच हातात असतात. ज्याचं गाऊन झालं तो दुसऱ्याच्या गाण्यातला आवाज होतो. त्याला श्रोता म्हणावं की गाणारा, सांगता येत नाही.

वारकऱ्यांचं भजनही असंच की. टाळ हातात असताना कोण उठतं?

तुमच्या कॅफेत प्रत्येक जण एकटा उभा राहतो, एकटा गातो, एकटा बसतो. दोनचार टाळ, एक खंजिरी ठेवा फिरती, आणि दर तासाला एक तरी गाणं असं घ्या ज्याचं ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायचं. काळी चार म्हणाली ना की गाऊन झाल्यावर हात थरथरतात, त्या हातांना काहीतरी काम द्या.

तबला_काका_लोकमान्यनगर

वा! देवासच्या सूनबाई, झेलायला हा शब्द कितीतरी वर्षांनी ऐकला.

त्यावरून आठवलं म्हणून लिहितो. आपल्या शहराचं गाणं असं घराघरातूनच वाढलेलं आहे. उस्ताद अमीर खाँसाहेबांचे वडील शहामीर खाँ होळकर दरबारी होते, सारंगी आणि बीन (वीणा) वाजवायचे, इंदूरला जो कोणी कलावंत येई तो त्यांच्या घरी यायचा आणि मैफली व्हायच्या. लहान अमीर खाँ तिथे बसून ऐकायचे. नंतर त्यांनी जो विलंबित ख्याल मांडला, झुमरा तालातला, तो आकाशातून पडला नाही, वेगवेगळ्या ढंगाचं इतकं कानावर पडलेलं होतं. लताबाईंचा जन्मही इथलाच, सिख मोहल्ल्यातला, १९२९ चा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिले सहा महिने इतरांच्या वेळेलाही थांबायला लावतो, फी तेवढीच. पालक कुरकुर करतात. पण जो थांबतो त्याचा ठेका सहा महिन्यांत बसतो, आपलं आटपून जाणाऱ्याला दोन वर्षं लागतात.

वकील_मावशी

गाण्याबद्दल इतके जाणकार बोललेत की मी फक्त दोन कोरड्या पण कामाच्या गोष्टी सांगते.

आवाजाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, बंद सभागृहासारख्या जागेची गोष्ट वेगळी. राज्य सरकार सणासुदीला १२ पर्यंत सवलत देऊ शकतं पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, ते गणपती-नवरात्रातच संपतात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ ही मर्यादा, व्यापारी भागात ६५ आणि ५५. हिवाळ्यात तुम्ही गच्चीवर करायचं म्हणत होतात असं ऐकलं, तर गच्ची म्हणजे उघडी जागा, दहाला पाच कमी असताना माइक बंद झालाच पाहिजे. शेजाऱ्याने तक्रार करेपर्यंत थांबू नका, आधीच एकदा त्याला बोलवा.

दुसरं, गाण्यांचे हक्क. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर गाणं-वाजवणं केलं तर सवलत आहे. तुम्ही १०० रुपये घेता, कॅफे त्यातून धंदा करतो, मग ती सवलत आमची म्हणून सांगता येणार नाही. अशा वेळी शब्द आणि चालीसाठी आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा, परवाना लागतो, आणि ट्रॅक म्हणजे ध्वनिमुद्रण वाजवलं तर त्याच्या हक्कदाराचा वेगळा. हा परवाना कॅफेने काढलेला आहे का हे लेखी विचारून ठेवा. तुकोबांचे किंवा कबीराचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण त्याला अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असते, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत.

किशोर, घाबरू नका, ट्रॅकवर गाणं गुन्हा नाही. फक्त त्या जागेचे कागद पुरे हवेत, आणि ते बघणं आयोजकाचं काम आहे, तुमचं नाही.

पलासिया_वरचा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही तिघं काल रात्री दीड वाजेपर्यंत बसलो होतो हा धागा उघडून. ठरवलेलं लिहितो, चुकत असेल तर आत्ताच सांगा.

बुधवार करतोय. कॅफेच्या मालकांना विचारलं, ते उलट खूश झाले. परवान्याचंही विचारलं, तो नव्हता, अर्ज करतायत, आणि तो हातात येईपर्यंत आम्ही १०० रुपये घेणं बंद करून जागा बदलतोय, आमच्या कॉलनीच्या मंडळाचा हॉल फुकट मिळतोय, बंद जागा आहे, सतरंज्याही तिथेच आहेत. चहा थर्मासमधून.

नावं ११ च घेणार. ८ मिनिटं गाणं आणि ३ मिनिटं बदलाबदल धरली तर दोन तास एक मिनिट, मध्ये पंधरा मिनिटं चहा, साडेसातला सुरू केलं तर पावणेदहाला संपतं. फॉर्ममध्ये पट्टीचा रकाना टाकलाय, दोन गट पाडणार आणि गटात क्रम चिठ्ठीने. पहिल्यांदाच गाणारा जो असेल त्याला चहाच्या सुटीनंतर लगेच घ्यायचं, तेव्हा सगळे ताजे असतात आणि कोणी गेलेलं नसतं. ट्रॅकवाले, पेटीवाले, गिटारवाले सगळे एकाच यादीत.

दारात दोन कागद असतील. दुसऱ्यावर ऐकणाऱ्यांची नावं, आणि पुढच्या दोन रांगा त्यांच्या.

केबल_गुंडाळणारा

माझ्याकडून दोन डीआय आणि एक छोटा मिक्सर, भाडं नको. बुधवारी मी मोकळाच असतो. सहाला येतो, केबल टाकताना दोन मुलं मदतीला द्या म्हणजे त्यांना शिकवूनही होईल.

देवासची_सून

टाळाच्या तीन जोड्या आणि सासऱ्यांची करताल पाठवते. करताल जपून, सागवानी आहे, त्यांच्या वडिलांची.

पलासिया_वरचा_मजला

पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय.

काल झाला. सुरुवातीला ३१ जण होतो, गेल्या वेळेपेक्षा कमी. शेवटच्या गाण्याला २६. मी दोनदा मोजले. भंवरकुआँची ती मुलगी आली होती, यायला तयारच नव्हती, तिच्या रूममेटनी आणली. सुटीनंतर पहिली तीच. काकांनी चहाच्या वेळात तबला चढवून ठेवला होता, ती उभी राहिली आणि लगेच षड्ज मिळाला, मध्ये एक सेकंदही रिकामा गेला नाही. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज कापला तेव्हा पुढच्या रांगेतून किशोरभाईंनी ध्रुवपद उचललं, हळू आवाजात, मग बाकीच्यांनी. करताल त्यांच्याच हातात होती. तिने सगळी कडवी म्हटली यावेळी.

सगळं जमलं असं नाही. पट्टीप्रमाणे गट केल्यामुळे पहिल्या गटात एका मागोमाग चार संथ गाणी आली आणि मागची मुलं कंटाळली, त्यांचं चुकलं नाही. तिघं गाऊन झाल्यावर गेलेच. आणि एकाने ८ च्या ऐवजी १४ मिनिटं घेतली, मला त्याला थांबवता आलं नाही, तो इतका डोळे मिटून गात होता.

तबला_काका_लोकमान्यनगर

पुढच्या वेळी गटात दर दोन संथ गाण्यांनंतर एक केरव्यातलं, चालत्या ठेक्याचं, ठेवा, पट्टी तीच राहते, लय बदलते. आणि त्या १४ मिनिटांवाल्याला माझ्याकडे पाठवा, मी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा शेवटचा तुकडा, घेऊन समेवर आणीन.

ऐकायला_येणारी

माझं नाव कागदावर पहिलं होतं. आमचे हे म्हणतात पुढच्या वेळी डब्यात गराडू (कंद) तळून नेऊ, थंडी पडलीय, वर घालायचा जिरावन मसाला घरचाच आहे. ३० जणांना पुरेल एवढं आणू का?

काळी_चार

काकू, मी येते तळायला मदतीला. दादा, पुढच्या बुधवारी माझं नाव दुसऱ्या गटात टाका, शेवटचं चालेल. आणि दुसऱ्या कागदावर एक नाव वाढवा, बाबा वर येऊन बसणार आहेत.